अनसूयाबाईंच्या चौदा पुंगळ्या

निवृत्तीच्या दिवशी कंपनीने माझा सत्कार केला, तेव्हा साहेबांनी भाषणात सांगितलं की यांनी टूलरूममध्ये इमानेइतबारे नोकरी केली. खरं आहे. पण त्या टूलरूमवर मला कोणी चार पानं लिहायला सांगितली तर दीड पानावरच माझी गाडी अडेल. रोज तेच यंत्र, तोच चहा, तोच सुपरवायझर. माझी खरी नोकरी त्याच्या आधीची. चिंचवड स्टेशनापासून चालत पाच मिनिटांवर बंदूकदुरुस्तीचं एक परवानाधारक दुकान होतं. तिथे मी पुंगळ्या शोधायचं काम करत होतो.

पुंगळ्या शोधायच्या म्हणजे काय करायचं, असं लोक अजूनही विचारतात. माझ्या सुनेने तर एकदा तोंडावरच विचारलं, "बाबा, असा कुठे जॉब असतो का?" असतो. निदान तेव्हा होता.

पुंगळी म्हणजे काडतुसाचं पितळी अंग. बुडाला टोपी, पोटात दारू, तोंडात गोळी. बार उडाला की टोपी फुटते, दारू जळते, गोळी निघून जाते आणि मागे उरते ती रिकामी पुंगळी. बघणाऱ्याला ती भंगार वाटते. पण सगळी करामत तिचीच असते. बार उडण्याच्या क्षणी पितळ फुगतं, नळीला आतून घट्ट चिकटून बसतं आणि मागे, म्हणजे बार काढणाऱ्याच्या तोंडाकडे, धग येऊ देत नाही. पुढच्या क्षणी ते आकसतं, म्हणून पुंगळी अलगद ओढून काढता येते. नीट जपली तर ती पुन्हा पुन्हा भरता येते. दारू, टोपी, गोळी परवान्यावर मिळायची. पुंगळी परवान्यावर मिळत नसे. ती ज्या बंदुकीची त्याच बंदुकीची लागते, एका सुताचा फरकही चालत नाही.

सन बासष्टनंतर परदेशी काडतुसं येणं जवळपास थांबलं. नेहमीच्या मापांची देशात व्हायची, त्यांची अडचण नव्हती. पण आपल्या भागात जुन्या, आडमापाच्या रायफली पुष्कळ होत्या. कोणाला साहेबाने जाताना दिलेली, कोणी संस्थानाच्या लिलावात घेतलेली. बंदूक धडधाकट आणि पुंगळी नाही, म्हणजे ती बंदूक नुसती काठी. असे लोक आमच्या दुकानात यायचे आणि मग मालक मला सायकलवर पिटाळायचे.

मालक म्हणजे उस्ताद अमीनभाई. तीन पिढ्यांचे बंदूक कारागीर. बोटं कायमची काळी, बोलणं अर्धं मराठी, अर्धं दखनी, आणि शिस्त अशी की रजिस्टरात नोंद झाल्याशिवाय रिकामी पुंगळीसुद्धा टेबलावर ठेवू देत नसत. माणसाने रिकामी परत आणली तरच त्याला भरलेली मिळायची. एखादी कमी आली तर ती कुठे गेली हे विचारायचे आणि उत्तर पटेपर्यंत विचारत राहायचे. एक निवृत्त मामलेदार या विचारण्याला इतके वैतागले, की एका हरवलेल्या पुंगळीपायी त्यांनी अख्खी बाग उकरली. पुंगळी सापडली नाही, पण त्यांच्या सौभाग्यवतींची दोन वर्षांपूर्वी हरवलेली जोडवी सापडली. दिवाळीला त्यांच्याकडून फराळाचा डबा आला. उस्तादांनी चकली खाल्ली आणि विचारलं, "लेकिन पुंगळी?"

उस्तादांचे काही नियम मला पटायचे, काही नाही. पुंगळी फरशीवर सोडून तिचा आवाज ऐकायचा, हा पटायचा. निरोगी पितळ खणखणतं, चीर गेलेलं बद्द वाजतं. त्यांचा दुसरा नियम मात्र मला खुळचटपणा वाटायचा. जनावराजवळ पितळ न्यायचं नाही. स्टेशनावरचे टांगेवाले सावलीसाठी आमच्या भिंतीला टांगा लावायचे, तर हे हातातलं काम टाकून त्यांना हाकलायला धावायचे. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "दादांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, हुकूम आहे. का ते त्यांनी नाही सांगितलं, मी नाही विचारलं." मी आयटीआय झालेला, सर्टिफिकेट फ्रेम करून घरात लावलेलं. मला वाटायचं, म्हाताऱ्याचा सोवळ्याओवळ्याचा प्रकार आहे. मागच्या पिढीची जळमटं म्हणून मी तो विषय मनातून झटकून टाकला होता.

आता अनसूयाबाईंची गोष्ट. त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणून तर हे सगळं काढलं.

एका चैत्रात त्या दुकानात आल्या. चाळिशीच्या आतबाहेरच्या, उंच, कपाळ मोकळं. गोधडीत गुंडाळलेली रायफल एसटीतून मांडीवर घेऊन आलेल्या. बरोबर पत्र्याच्या डबीत परवाना. चाकणच्या पलीकडे, भामा नदीच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी त्यांची जमीन. भुईमूग करायच्या. शेंगा भरायला लागल्या की डोंगरातून रानडुकरं उतरायची आणि एका रात्रीत अर्धा एकर नांगरून जायची. रायफल सासऱ्यांची, एकबारी, आडमापाची. नवरा हयात असताना त्याने बायकोला नेम धरायला शिकवलं. तो गेल्यावर पिकाच्या राखणीचा परवाना बाईंच्या नावावर झाला. ही गोष्ट त्यांचे दीर दत्तोबा यांना पहिल्या दिवसापासून खुपत होती. त्या गावात बंदूक ज्याच्या खांद्याला, शेतावर हुकूम त्याचा, अशी समजूत होती. बंदूक गेली असती तर मागोमाग वहिवाटही दिरांकडे सरकली असती, आणि बाई त्याच शेतात दिरांच्या सांगण्यावरून राबत बसल्या असत्या.

"दोन वर्सं झाली, बार न्हाई काडला," त्या म्हणाल्या. "पुंगळ्या फुटल्या समद्या. दीर म्हंत्यात, काठी घिऊन हिंडती."

उस्तादांनी रायफल उघडून आत बघितलं. "बंदूक चांगली आहे, बाई. पण या मापाची पुंगळी मिळणं कठीण."

"कटीन म्हनलासा, न्हाई असं न्हाई म्हनलासा," त्या म्हणाल्या आणि बाकावर बसल्या. उस्तादांनी माझ्याकडे बघितलं. मी सायकलच्या चाकात हवा भरायला उठलो.

लोकांना वाटतं, पुंगळ्या लष्करी भंगारात मिळत असतील. नाही मिळत. भंगारात येणारं पितळ आधी चेपून टाकतात, आणि ते योग्यच आहे. आडमापाची पुंगळी शोधायची तर माणसांच्या घरांत शोधावी लागते. लोकांनी तिचं काहीबाही केलेलं असतं. कोणी काठीच्या टोकाला बसवलेली, कोणी अत्तराची कुपी केलेली, कोणी पडद्याच्या दांडीला लावलेली. पण खिळा ठोकलेली, कापलेली, तापवलेली पुंगळी कामाची नाही. कोणीतरी हौसेने जपलेली आणि हळुवार वापरलेली पाहिजे. म्हणजे आधी तसा माणूस शोधायचा.

महिनाभर मी पिंपरी, देहू, वडगाव पालथं घातलं. शेवटी एका गिऱ्हाइकाने सहज सांगितलं, की तळेगाव दाभाड्याला एक चित्रकला शिक्षक आहेत, ते पेन्सिलचा तुकडा राहिला की त्याला पितळेची नळी लावतात, म्हणजे शेवटच्या बोटभरापर्यंत वापरता येतो. मी दुसऱ्या दिवशी तळेगावात.

गुरुजी टक्कल पडलेले, करड्या आवाजाचे. मी माप सांगितलं तर म्हणाले, "पितळ ओळखता म्हणता? मग बसा." आणि टेबलावर एक तांब्या ठेवून हातात कागद दिला. सव्वीस वर्षांचा बाप्या मी, वर्गात बसून तांब्या काढतोय. वेळ संपल्यावर त्यांनी कागद लांब धरून बघितला. "बूड जमलंय. तोंड वाकडं आहे," म्हणाले आणि कपाटातून खोका काढला. आत सोळा पुंगळ्या होत्या, एकीलाही ओरखडा नाही. त्यांच्या मामांनी शिकारीच्या हौसेत गोळा केलेल्या. बदल्यात मी दुकानाच्या लेथवर त्यांना सोळा नव्या पितळी नळ्या करून द्यायच्या, असं ठरलं. मी केल्या, बुडाला नक्षी घालून. आयुष्यात मला एवढा आनंद नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

सोळांतल्या दोन बद्द वाजल्या. चौदा राहिल्या. वैशाखात अनसूयाबाई आल्या, त्यांना फडक्यात बांधून दिल्या. पावसाळ्यात भरलेली काडतुसं खेड्यातल्या घरात सादळतात, म्हणून आम्ही ती ऐन हंगामाच्या तोंडावर भरून द्यायचो. तोपर्यंत पुंगळ्या गिऱ्हाइकाकडेच राहायच्या. रजिस्टरावर अंगठा घेताना मी ऐटीत सांगितलं, "बाई, कोरड्या जागेत ठेवा. जिवापाड जपा. अशा पुन्हा मिळायच्या नाहीत."

"जपते की," त्या म्हणाल्या.

श्रावण सरता सरता त्या चौदा पुंगळ्या घेऊन परत आल्या. उस्ताद भाचीच्या लग्नाला मिरजेला गेले होते. दुकानात मी एकटा. बाईंना दुपारची चाकणची गाडी गाठायची होती, कारण शेंगा भरल्या होत्या आणि डुकरं आदल्या दिवशीच बांधापर्यंत येऊन गेली होती. मी फडकं सोडलं आणि नाकाला ओळखीचा वास आला. शेणामुताचा.

"बाई, गोठ्यात ठेवली होती की काय?"

"माळ्यावर. गोठ्याच्या. घर समदं गळतंय हो मिस्त्री, तितंच तेवडं कोरडं आन उबदार हाय. बैलांच्या अंगाची ऊब लागती." त्यांच्या चेहऱ्यावर, मी किती काळजी घेतली, असा भाव होता.

मला उस्तादांचा हुकूम आठवला. खोटं कशाला सांगू, चांगला आठवला. आणि मी मनात हसलो. पुंगळ्यांची चकाकी गेली होती, गळ्याशी थोडी काळपट निळसर झाक आली होती. मी त्या पुसल्या. पहिल्या तीन फरशीवर सोडल्या, तिन्ही खणखणल्या. उरलेल्या अकरा मी वाजवल्याच नाहीत. एसटीची वेळ होत होती हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे त्या माझ्या पुंगळ्या होत्या. मी शोधलेल्या, मी साफ केलेल्या, तांब्याचं चित्र काढून मिळवलेल्या. त्यांच्यावर संशय घ्यायचं माझ्या मनातच आलं नाही. चौदाही भरून दिल्या.

पुढे काय झालं ते बाईंनीच नंतर सांगितलं. तांबडं फुटताना डुकरांचा कळप शेतात शिरला. पहिले दोन बार नीट गेले. तिसऱ्याला पुंगळी उभी चिरली. आतली धग मागे आली आणि त्यांची डावी भुवई, गाल भाजला. डोळा वाचला तो बोटभर अंतराने. पुंगळीचा अर्धा तुकडा नळीतच अडकून बसला. बंदूक निकामी झाली आणि बांधालगतची चार सऱ्यांची शेंग डुकरांनी त्यांच्या डोळ्यांदेखत खाल्ली.

चार दिवसांनी त्या दुकानात आल्या. गालाला कसलंसं औषध लावलेलं. बरोबर दत्तोबा. उस्ताद मिरजेहून आलेले होते. दत्तोबांनी बाकावर बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली.

"आमी तालुक्याच्या कचेरीत अर्ज दिलाय. ह्यो परवाना आमच्या नावावर करा म्हून. बाईमानसाला जपायला जमत न्हाई. आज गाल भाजला, उद्या कुनाचा जीव जाईल."

अनसूयाबाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. फडकं सोडून अकरा भरलेली काडतुसं टेबलावर ओळीने उभी केली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मिस्त्री, माजं काय चुकलं त्येवडं सांगा. माजं चुकलं आसंल तर मी बंदूक दिऊन टाकते. न्हाई चुकलं तर न्हाई देनार."

उस्तादांनी काडतुसं मागे नेली, रिकामी केली आणि एकेक पुंगळी फरशीवर सोडली. अकरातल्या सात बद्द वाजल्या. भिंग लावून बघितलं तर गळ्यापाशी केसाहून बारीक चिरा. त्यांनी एक पुंगळी नाकाशी नेली आणि बाहेर येऊन विचारलं, "बाई, कुठे ठेवली होती?"

"गोठ्याच्या माळ्यावर."

"बगा!" दत्तोबा उभेच राहिले. "जनावरांत काडतुसं! आता ह्येच लिवून द्या कचेरीत."

उस्ताद माझ्याकडे वळले. "मधू, तू सांगितलं नव्हतंस यांना?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो. "कोरड्या जागेत ठेवा म्हणून."

शब्दाशब्दाने खरं होतं ते. तरीही तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा खोटेपणा होता. अनसूयाबाईंनी मान हलवली. "व्हय, सांगितलं व्हतं," म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीने विषय संपला. त्यांनी पदर सावरला आणि गाडीला निघून गेल्या. दत्तोबा मागोमाग.

दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी एक चिरलेली पुंगळी घेऊन मी पिंपरीला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेलो. तिथले एक साहेब आमचे गिऱ्हाईक होते, धातूंतले जाणकार. मी त्यांना विचारलं, गोठ्याचा आणि पितळेचा काय संबंध? मला आतून वाटत होतं, ते म्हणतील काही संबंध नाही.

ते म्हणाले, "मुतातून अमोनिया सुटतो. पावसाळ्यात हवा दमट, गोठा बंद. ताणलेल्या पितळाला अमोनिया लागला की ते आपोआप चिरतं. घोड्यांच्या पागेजवळ ठेवलेली लष्कराची काडतुसं पूर्वी आपल्याच देशात अशी फुटायची, म्हणून तर लोकांनी याचा अभ्यास केला. तुमच्या उस्तादांना हे ठाऊक असेलच की."

उस्तादांचे आजोबा घोडदळाच्या रिसाल्यात बंदुका दुरुस्त करायचे. त्यांनी हे डोळ्यांनी बघितलं असणार. कारण हरवलं, हुकूम राहिला. आणि माझ्यासारख्या शहाण्याने तो हसण्यावारी नेला.

मी तसाच दुकानात आलो आणि उस्तादांना सगळं सांगितलं. वास आला होता, हुकूम आठवला होता, फक्त तीनच वाजवून बघितल्या, सगळं. वाटलं होतं ओरडतील, कदाचित हात उगारतील. त्यांनी हातातली कानस खाली ठेवली.

"हे मला सांगून काय उपयोग? कचेरीत सांग."

"उस्ताद, दुकानाचा परवाना जाईल."

"दुकान माझं आहे. त्याचं काय होईल ते मी बघतो. तू खरं बोल, बस."

खेडला, तालुक्याच्या कचेरीत, चौकशी होती. अधिकारी तरुण होते, बंदुकीतलं फारसं कळत नव्हतं, पण ऐकून घ्यायची तयारी होती. दत्तोबांनी गोठ्याची हकीकत रंगवून सांगितली. अधिकाऱ्यांनी बाईंना विचारलं, "दुकानदाराने तुम्हाला सूचना दिली होती?"

"दिली व्हती. कोरड्यात ठिवा."

"म्हणजे हयगय तुमची."

तेव्हा मी पुढे झालो. मी सांगितलं, की कोरड्यात ठेवा एवढंच मी सांगितलं, जनावरांपासून लांब ठेवा हे सांगायचं माझं काम होतं, ते मी केलं नाही. भरायला आल्या तेव्हा गोठ्याचा वास मला आला होता. तपासायचं मला माहीत होतं, तरी मी तपासलं नाही. बाईंनी मी सांगितलं तेवढं तंतोतंत केलं. उस्तादांनी त्यांचं पत्र पुढे ठेवलं. त्यात दोनच ओळी होत्या: चूक आमच्या दुकानाची आहे, बाईंकडे बोट दाखवू नये.

परवाना अनसूयाबाईंकडेच राहिला. आमच्या दुकानाला वर्षभर काडतुसं भरायची बंदी आली, फक्त दुरुस्ती करायची. उस्तादांनी कचेरीच्या पायरीवर बसून पान लावलं, मला एक दिलं. त्या प्रसंगाबद्दल त्यानंतर ते मरेपर्यंत कधी एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

बाई बाहेर चिंचेखाली उभ्या होत्या. मी जवळ गेलो. खरं सांगतो, माझी अपेक्षा होती की त्या काहीतरी गोड बोलतील. एवढं दुकान पणाला लावून खरं बोललो होतो.

"बोललासा, बरं केलंसा," त्या म्हणाल्या. "पर काडतुसं आता मी तुमच्याकडं भरनार न्हाई. बंदी उटली तरी. पुन्याला भरीन."

मी जायला वळलो.

"पुंगळ्या मातर तुमीच शोदायच्या. त्ये काम तुमाला येतंय."

हे बक्षीस होतं की शिक्षा, मला तेव्हा कळलं नाही. मी पुन्हा सायकल काढली. या खेपेला वर्ष गेलं. दुकानात काम कमी, त्यामुळे हिंडायला वेळ भरपूर. पंढरी म्हणून माझा एक मित्र होता, तो म्हणायचा, "राव, बाईने तुला नाही म्हटलं, आणि तू तिच्याच कामाला जुंपून घेतलंस?"

शेवटी थेरगावात एका वैद्यांकडे त्याच मापाच्या पुंगळ्या दिसल्या. थेरगाव तेव्हा खेडंच होतं. वैद्यबुवा पुंगळीत औषधाची पूड भरून मेण लावून ठेवायचे. मी प्रत्येकीत काय होतं ते विचारलं. ज्यांत नवसागर ठेवलेला होता त्यांना हातसुद्धा लावला नाही, कारण नवसागर म्हणजे अमोनियाचाच भाऊबंद, हे मी प्रयोगशाळेत विचारून ठेवलं होतं. वैद्यबुवांना वाटलं मी औषधांतला जाणकार आहे. त्यांनी मला स्वतःच्या गुडघ्यावर काय लावावं ते विचारलं. त्यांना काचेच्या कुप्या आणून दिल्या आणि नऊ पुंगळ्या घेतल्या. त्या नऊ मी किती वेळा वाजवल्या ते विचारू नका. सकाळी वाजवल्या, जेवण झाल्यावर वाजवल्या, भिंगाखाली फिरवल्या, प्रयोगशाळेतल्या साहेबांना दाखवल्या. उस्तादांनी नोंद केली, पोच लिहून दिली आणि मी चाकणच्या गाडीत बसलो.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदाच जात होतो. अंगणात वाळत घातलेल्या शेंगा, पलीकडे गोठा, त्याच्या मागे डोंगर. बाईंच्या डाव्या भुवईत केस उगवले नव्हते. त्यांनी पाणी दिलं, घोंगडी अंथरली, बसा म्हणाल्या. मी बसलो नाही. पुंगळ्या त्यांच्या हातात दिल्या.

त्या उन्हात जाऊन उभ्या राहिल्या. पहिली पुंगळी उचलली, डोळ्यांजवळ धरली, हळूहळू बोटांत फिरवली. तोंडात बघितलं, बुडाला बघितलं, अंगठ्याचं नख गळ्यावरून फिरवलं आणि बाजूला ठेवली. मग दुसरी. मग तिसरी. मी अंगणात तसाच उभा. बघू नका, मी बघितल्या आहेत, असं म्हणायची माझी प्राज्ञा नव्हती.

आठ पुंगळ्या त्यांनी घेतल्या. नववी बराच वेळ फिरवली, पुन्हा उन्हात धरली आणि माझ्यापुढे केली.

"ही नगं."

मी घेऊन बघितली. तिच्यात काही दोष नव्हता. एक जुना ओरखडा होता, कोणाही कारागिराने चांगली म्हटली असती अशी ती पुंगळी होती, आणि तिच्या मापाची दुसरी मला पुढे कधी मिळाली नाही.

"बरं," मी म्हणालो आणि ती खिशात घातली.